फेलोशिप कशी शोधायची, अर्ज कसा करायचा: पहिल्यांदाच या वाटेला लागणाऱ्यांसाठी

एका फेलोशिपच्या निवड समितीवर मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा समोर बेचाळीस अर्ज होते आणि हातात चार दिवस. पहिले दहा मी पेन्सिल घेऊन शब्दन्‌शब्द वाचले. विसाव्यापर्यंत येता येता कोणाचा विषय कोणता, हे एकमेकांत मिसळायला लागलं. तिसाव्यानंतर प्रत्येक अर्जात मी एकच गोष्ट धुंडाळत होते: उद्या बैठकीत या उमेदवाराची बाजू मांडायची झाली, तर मी नेमकं काय बोलू? काही अर्जांनी ते वाक्य माझ्या हातात आयतं ठेवलं होतं. काहींत ते चौथ्या पानावर एका कंसात दडलं होतं. बरेचसे अर्ज कष्टाळू, चांगल्या माणसांचे होते, पण मला बोलायला त्यांनी काहीच दिलं नव्हतं.

त्याआधी मी स्वतः सहा अर्ज केले होते आणि पाच नाकारले गेले होते. त्यांत काय चुकलं, ते मला त्या चार दिवसांत उमगलं. पुढच्या पायऱ्या त्या खुर्चीत बसून दिसलेल्या गोष्टींवरून लिहिल्या आहेत.

आधी नावांचा घोळ

ढोबळमानाने स्कॉलरशिप शिक्षणाचा खर्च भागवते, ग्रँट एखाद्या प्रकल्पाचा, आणि फेलोशिप माणसाला वेळ विकत घेऊन देते: काही महिने किंवा वर्षं, ज्यात त्याने ठरवलेलं काम करावं. पण संस्था ही नावं मनाला येईल तशी वापरतात. ऑक्सफर्डची रोड्स ही सेसिल रोड्स यांच्या मृत्युपत्रातून १९०२ साली जन्मलेली योजना, नावाने स्कॉलरशिप. पण तिची निवड पुष्कळशा फेलोशिपांपेक्षा कडक. उलट १९७८ साली सुरू झालेल्या अमेरिकेच्या हम्फ्री फेलोशिपमध्ये पदवी मिळतच नाही. अनुभवी व्यावसायिकांनी एक शैक्षणिक वर्ष विद्यापीठात राहून शिकावं, माणसं जोडावीत, एवढाच हेतू. म्हणून शोधताना फक्त 'फेलोशिप' हा शब्द टाकाल तर निम्म्या संधी निसटतील.

कामापुरती विभागणी अशी करता येते. पदवीसाठीच्या योजना: रोड्स, गेट्स केंब्रिज, चीव्हनिंग, श्वार्झमन. पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या: युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी, जर्मनीची हुम्बोल्ट. नोकरीत काही वर्षं काढलेल्यांच्या: पत्रकारांसाठी हार्वर्डची नीमन, जी १९३८ पासून चालू आहे. सामाजिक उपक्रम उभारणाऱ्यांसाठी १९८० साली स्थापन झालेली अशोका. आणि एक प्रकार असा, ज्यासाठी अर्जच करता येत नाही. अमेरिकेतल्या मॅकआर्थर फेलोशिपची नावं गुप्त शिफारसींतून येतात, निवडलेल्या माणसाला थेट फोन जातो. 'मॅकआर्थरचा अर्ज भरून देतो' असं कोणी सांगितलं तर खुशाल हसा.

पायरी १: स्वतःचं एक पान

शोध सुरू करण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा. शेवटची पदवी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी मिळाली. कामाचा अनुभव किती, अर्धवेळ आणि विनावेतन धरून. नागरिकत्व कुठलं, आणि गेल्या तीन वर्षांत कोणत्या देशात किती महिने राहिलात. घरच्या आणि नोकरीच्या जबाबदाऱ्या पाहता खरोखर कधी निघू शकता आणि किती काळासाठी. आणि पाचवी, सगळ्यांत अवघड: वर्षभर पगाराची चिंता मिटली तर तुम्ही कोणत्या एका प्रश्नावर काम कराल?

पाचव्या ओळीसमोर 'ज्ञान वाढवायचं आहे' किंवा 'चांगल्या संस्थेत जायचं आहे' असं काही आलं, तर अजून अर्ज भरायला बसू नका. दोन आठवडे थांबा, आपल्या क्षेत्रातल्या दोघाचौघांशी बोला, मग पुन्हा लिहून बघा. पहिल्या चार ओळी कोणत्या फेलोशिप तुमच्यासाठी आहेत ते ठरवतात. पाचवी ओळ नसेल तर अर्ज पोकळ राहतो, आणि तो पोकळपणा वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच ऐकू येतो.

पायरी २: शोध कुठे घ्यायचा

सगळे गूगलपासून सुरुवात करतात आणि 'जगातल्या शंभर सर्वोत्तम फेलोशिप' छापाच्या याद्यांत अडकतात. त्या याद्या नाव कळण्यापुरत्या ठीक. त्यांतल्या तारखा बहुतेकदा मागच्या वर्षीच्या असतात आणि अटी अर्धवट. नाव मिळालं की ती यादी बंद करा आणि थेट मूळ संस्थेच्या संकेतस्थळावर जा.

काही ठिकाणं मात्र मुळातच भरवशाची आहेत. युरोपातल्या संशोधनाच्या जागा आणि निधी युरॅक्सेस या युरोपीय आयोगाच्या पोर्टलवर एकत्र मिळतात. जर्मनीसाठी डाड, म्हणजे १९२५ साली स्थापन झालेली तिथली शैक्षणिक देवाणघेवाण संस्था. तिच्या शोधपेटीत देश, विषय आणि टप्पा निवडता येतो. अमेरिकेच्या फुलब्राइटच्या योजना देशागणिक वेगळ्या असतात, म्हणून आपल्या देशातल्या फुलब्राइट कार्यालयाचंच पान वाचावं. दुसऱ्या देशातल्या अर्जदाराचा अनुभव तुम्हाला लागू होईलच असं नाही. शिवाय तुमच्या विषयाची व्यावसायिक संघटना, ग्रंथालयं, अभिलेखागारं, संग्रहालयं यांच्या छोट्या फेलोशिप असतात. एक ते तीन महिन्यांच्या, फारशा गाजावाजा न होणाऱ्या. नवख्या माणसाने इथून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. स्पर्धा तुलनेने कमी असते, आणि सीव्हीवरची पहिली फेलोशिप दुसरीचा रस्ता सोपा करते.

सगळ्यांत फळणारी युक्ती मात्र वेगळीच आहे. तुमच्या क्षेत्रात तुमच्यापेक्षा तीन ते पाच वर्षं पुढे असलेली दहा माणसं शोधा आणि त्यांचे जाहीर सीव्ही वाचा. त्यांना कोणी, कधी पैसे दिले ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. शोधनिबंधांच्या शेवटी आणि पुस्तकांच्या ऋणनिर्देशातही निधी देणाऱ्यांची नावं सापडतात. अशा एका संध्याकाळच्या वाचनातून मिळालेली यादी कुठल्याही संकेतस्थळापेक्षा तुमच्या मापाची असते.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. निवड झाल्याचं सांगून आधी 'प्रक्रिया शुल्क' मागणारी फेलोशिप खोटी समजा. तुम्ही अर्जच केला नव्हता आणि तरी निवडीचं पत्र आलं, तर तेही खोटं. विद्यापीठाच्या प्रवेशाचं अर्जशुल्क किंवा भाषापरीक्षेची फी हे खरे खर्च आहेत, पण ते त्या त्या विद्यापीठाच्या किंवा परीक्षामंडळाच्या अधिकृत खात्यावरच भरायचे असतात.

पायरी ३: पैसा कोणाचा आणि कशासाठी

ही पायरी बहुतेक मार्गदर्शक गाळतात. मी तिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवते.

कोणताही निधी कोणीतरी कशासाठीतरी उभा केलेला असतो, आणि तो हेतू अर्जातल्या प्रश्नांत उतरलेला असतो. फुलब्राइट योजना १९४६ साली सिनेटर फुलब्राइट यांच्या विधेयकातून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेलं अमेरिकी युद्धसाहित्य विकून आलेला पैसा शैक्षणिक देवाणघेवाणीवर खर्च करायचा, ही मूळ कल्पना. देशादेशांतल्या लोकांनी एकमेकांना समजून घ्यावं हा उद्देश. म्हणून फुलब्राइटचा अर्ज फक्त प्रयोगशाळेतल्या कामावर संपला तर तो अर्धाच राहतो. तिथल्या लोकांशी तुम्ही कसे मिसळणार, परत आल्यावर काय वाटणार, हेही वाचणाऱ्याला हवं असतं.

चीव्हनिंगचा पैसा ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याचा, १९८३ पासून. परराष्ट्र खातं एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणावर खर्च का करतं? उद्या आपापल्या देशांत निर्णयाच्या जागी बसतील अशी माणसं आपल्या ओळखीची असावीत म्हणून. त्यामुळे तिथे नेतृत्व आणि माणसं जोडण्याची हातोटी यांवर प्रश्न येतात, आणि फक्त गुणपत्रिका दाखवणारा हुशार विद्यार्थी मागे पडतो. गेट्स केंब्रिज २००० साली सुरू झाली. तिचे निकष उघड आहेत: बौद्धिक क्षमता, केंब्रिजमधला तोच अभ्यासक्रम का, इतरांचं जगणं सुधारण्याची बांधिलकी आणि नेतृत्वाची शक्यता. यातला तिसरा निकष शोभेसाठी नाही. मारी स्क्लोडोव्स्का-क्युरीचा गाभा संशोधकांनी देश ओलांडावेत हा आहे, आणि तिची सर्वांत खाष्ट अट त्यातूनच आली आहे. ती पुढे सांगते.

तेव्हा प्रत्येक फेलोशिपसाठी एक ओळ लिहून काढा: 'यांना ______ हवं आहे, आणि माझ्याकडे त्याचा ______ हा पुरावा आहे.' दुसरी जागा भरता आली नाही तर ती फेलोशिप या वर्षीच्या यादीतून काढा. माझे पहिले दोन नकार याच कारणाने आले होते. दोन्ही ठिकाणी मी एकच निवेदन, म्हणजे आपण कोण आणि काय करू इच्छितो ते सांगणारा अर्जातला मजकूर, पाठवलं होतं, फक्त संस्थेचं नाव बदलून. एका ठिकाणी तर तेही बदलायला विसरले होते.

पायरी ४: पात्रतेची कात्री

अर्जाची जाहिरात कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक अटीपुढे हो, नाही किंवा 'विचारायला हवं' असं लिहा. अटी किती बारीक असतात याचे नमुने पाहा.

मारी स्क्लोडोव्स्का-क्युरीच्या पोस्टडॉक्टरल फेलोशिपला कोणत्याही देशाचा नागरिक चालतो. पण ज्या देशात जायचं आहे तिथे, मुदतीच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत, १२ महिन्यांहून जास्त काळ राहिलेला किंवा मुख्य काम केलेला नसावा. पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या अनुभवालाही आठ वर्षांची मर्यादा आहे. चीव्हनिंगला कामाचा अनुभव तासांत मोजून लागतो, २,८०० तास, म्हणजे सुमारे दोन वर्षं. त्यात स्वयंसेवी काम आणि इंटर्नशिपही धरता येते, हे माहीत नसल्याने कितीतरी जण उगाच मागे हटतात. बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातल्या श्वार्झमनला वयाची अट आहे: १८ पूर्ण, आणि ठरलेल्या तारखेला २९ पूर्ण झालेली नसावीत. नीमनला पत्रकारितेतली किमान पाच वर्षं पूर्णवेळ हवीत.

अटीची तारीख कोणती, हे नेहमी बघा. अर्जाच्या दिवशी पदवी हातात हवी, की रुजू होण्याच्या दिवशी? बाळंतपण, आजारपण, घरच्या कोणाची शुश्रूषा यासाठी घेतलेला खंड काही योजना वजा करतात, काही करत नाहीत. शंका असेल तर कार्यालयाला ईमेल करा, पण प्रश्न असा की ज्याचं उत्तर एका ओळीत देता येईल. 'मी पात्र आहे का?' याला कोणी नीट उत्तर देत नाही. 'माझी पदवी अमुक तारखेला जाहीर होईल आणि मुदत तिच्या दहा दिवस आधी संपते. विद्यापीठाचं तात्पुरतं प्रमाणपत्र चालेल का?' याला दोन दिवसांत उत्तर येतं.

नंतरच्या अटीही आत्ताच वाचा. चीव्हनिंग संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. अमेरिकेच्या जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर गेलेल्या काहींना, विशेषतः सरकारी पैशावर गेलेल्यांना, मायदेशात एकूण दोन वर्षं राहिल्याशिवाय तिथले काही कामाचे आणि कायम वास्तव्याचे व्हिसा मिळत नाहीत. जोडीदाराचं करिअर, मुलांची शाळा यांचा हिशेब या अटींशी आत्ता घालून बघा. निवड झाल्यावर घातला तर तो फार महागात पडतो.

या कात्रीतून बहुधा तीन-चार नावं उरतील. तेवढी पुरेत. एका हंगामात वीस अर्ज करणाऱ्यांना मी ओळखते. त्यांचे वीसही अर्ज एकाच साच्यातले असतात.

पायरी ५: मुदतीपासून मागे मोजा

पुष्कळ मोठ्या फेलोशिप प्रत्यक्ष सुरू होण्याच्या वर्षभर आधी अर्ज मागवतात. चीव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात आणि शिक्षण सुरू होतं पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत. मारी स्क्लोडोव्स्का-क्युरीची मुदत सप्टेंबरात असते. म्हणजे पुढच्या वर्षी जायचं असेल तर तयारी या वर्षी.

सहा महिने आधी यजमान संस्थेशी, म्हणजे जिथे जाऊन काम करायचं तिच्याशी, बोलणं आणि भाषापरीक्षा. आयईएलटीएस आणि टोफेल या दोन्ही इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळे लवकर दिलेली परीक्षा वाया जात नाही. तीन महिने आधी निवेदनाचा पहिला खर्डा आणि विद्यापीठाकडून गुणपत्रकांची मागणी. कार्यालयं आपल्या गतीने चालतात. दोन महिने आधी शिफारसपत्रांसाठी विनंती. एक आठवडा आधी सगळं तयार. तीन दिवस आधी सादर.

तीन दिवस का, ते सांगते. मुदत कोणत्या घड्याळाप्रमाणे आहे हे जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. युरोपीय संघाची ही मुदत ब्रसेल्सच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी ५ ला संपते. काही ठिकाणी 'पृथ्वीवर कुठेही' अशी वेळ असते, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे. शेवटच्या रात्री पोर्टल रांगतं, पीडीएफ चढत नाही. एकदा मी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी अर्ज सादर केला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मुख्य प्रस्तावाच्या जागी जुना खर्डा चढला होता, समासात लाल अक्षरांत 'हे पुन्हा लिही' असं लिहिलेला. तो अर्ज मंजूर झाला नाही, हे सांगायला नकोच.

पायरी ६: यजमान मिळवणं

संशोधनाच्या फेलोशिपना बहुधा यजमान लागतो. हुम्बोल्टसाठी जर्मनीतल्या संशोधकाची लेखी संमती हवी. मारी स्क्लोडोव्स्का-क्युरीचा अर्ज तर यजमान संस्थेच्याच नावाने जातो. अनोळखी प्राध्यापकाला लिहिताना ईमेल मोबाइलच्या एका पडद्यावर मावेल एवढा ठेवा. पहिल्या ओळीत कोणत्या फेलोशिपसाठी, मुदत कधी. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या कोणत्या कामातून तुमचा प्रश्न पुढे जातो, आणि इथे त्यांचा निबंध खरंच वाचलेला असावा. गोषवाऱ्यातली वाक्यं उचलली की ती लगेच ओळखू येतात. तिसऱ्यात तुम्ही काय केलं आहे. शेवटी एकच मागणी: वीस मिनिटांचं बोलणं. सोबत दोन पानी सीव्ही आणि एका पानाचा आराखडा.

दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. मग दुसऱ्याला लिहा. यात अपमान वाटून घेऊ नका. पुष्कळदा ईमेल वाचलाच गेलेला नसतो.

पायरी ७: निवेदन आणि प्रस्ताव

आता त्या बेचाळीस अर्जांकडे परत येऊ. समितीत सगळे तुमच्या विषयाचे जाणकार नसतात. एक-दोघांनी तुमचा अर्ज नीट वाचलेला असतो, बाकीचे चाळून आलेले असतात. त्या एक-दोघांपैकी कोणीतरी तुमचा वकील होतो आणि त्याला बोलायला मिळतात दोन-तीन मिनिटं. तुमच्या निवेदनाचं काम त्या वकिलाला भाषण लिहून देणं आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेते. एका परिचारिकेने सुरुवात अशी केली: 'लहानपणापासून मला रुग्णसेवेची ओढ आहे. या प्रतिष्ठित फेलोशिपमुळे माझी क्षितिजं विस्तारतील आणि मी समाजासाठी योगदान देऊ शकेन.' यातलं काय मी बैठकीत म्हणू? हे वाक्य बेचाळीसपैकी तीस अर्जांत असतं. आता तिचंच दुसरं रूप: 'आमच्या वॉर्डात औषध देण्यातल्या चुका पाळी बदलतानाच्या वीस मिनिटांत जास्त होतात, हे मी दोन वर्षांच्या नोंदी तपासून दाखवलं. त्या वीस मिनिटांत माहिती एका परिचारिकेकडून दुसरीकडे कशी जावी, याची पद्धत मला तुमच्या संस्थेत तयार करून तपासायची आहे.' आता मी बैठकीत म्हणेन, 'ही ती वीस मिनिटांवाली.' खोलीतल्या प्रत्येकाच्या लक्षात राहील. तुमच्या अर्जातल्या 'वीस मिनिटं' शोधा आणि त्या पहिल्या परिच्छेदात आणा.

त्यानंतर तीन प्रश्नांची उत्तरं यायला हवीत: हेच काम का, आत्ताच का, तिथेच का. तिसऱ्यावर लोक घसरतात. 'जागतिक दर्जाच्या सुविधा' हे उत्तर कुठल्याही संस्थेला लागू पडतं. तिथला कोणता संग्रह, कोणतं उपकरण, कोणता गट, कोणता अभ्यासक्रम, आणि तो तुमच्या कामात कोणत्या महिन्यात लागणार, ते लिहा.

नेतृत्वाबद्दल विचारलं की अर्जदार पदांची यादी देतात: अध्यक्ष, सचिव, समन्वयक. पदावरून काहीच कळत नाही. एकच प्रसंग निवडा. काय अडलं होतं, तुम्ही स्वतः काय केलंत, कोण विरोधात होतं, शेवटी काय बदललं. 'आम्ही' किती आणि 'मी' किती हे तोलून पाहा. आपल्याकडे 'मी' म्हणायचा संकोच असतो, तो समजतो. पण सगळंच 'आम्ही' केलं असेल तर समितीला तुमच्या वाट्याचं काम दिसत नाही.

प्रस्तावात महिन्यांचं वेळापत्रक द्या आणि एक ओळ अशी लिहा की अमुक डेटा मिळाला नाही किंवा परवानगी अडली तर पर्यायी वाट काय. धोका कबूल केलेला अर्ज मला तरी जास्त विश्वासाचा वाटतो.

गुणांकन जाहीर असेल तर पानं त्या प्रमाणात वाटा. मारी स्क्लोडोव्स्का-क्युरीत उत्कृष्टतेला ५० टक्के, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २० टक्के वजन आहे, आणि मुख्य भागाला १० पानांची मर्यादा. नवखे आठ पानं विज्ञानावर खर्च करतात आणि उरलेला निम्मा निकाल दोन पानांत कोंबतात. मर्यादेबाहेरची पानं परीक्षकांना दिसतच नाहीत, तेव्हा 'थोडं जास्त झालं तर चालेल' हा विचार सोडा.

एआयचं काय? आधी नियम वाचा. रोड्ससारख्या काही योजना निवेदन पूर्णपणे स्वतःचं असल्याची कबुली लिहून घेतात. नियम मोकळे असले तरी यंत्राने घासूनपुसून दिलेलं निवेदन बाकीच्यांसारखंच दिसायला लागतं, आणि समितीतल्या वकिलाला पकडायला त्यात खाच उरत नाही. नियम परवानगी देत असेल तर दोन माणसांना वाचायला द्या, एक विषयातला आणि एक पूर्ण बाहेरचा. बाहेरच्या माणसाकडून कागद परत घ्या आणि विचारा, 'मला काय करायचं आहे, एका वाक्यात सांग.' तो अडखळला तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहा. व्याकरणाच्या चुका काढून घेण्यापेक्षा ही चाचणी कितीतरी उपयोगाची.

पायरी ८: शिफारसपत्रं

मोठ्या नावाचं तीन ओळींचं पत्र समितीत कोणाला हलवत नाही. तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं, प्रसंगांनी भरलेलं पत्र हलवतं. विचारताना 'मला ठाम पाठिंब्याचं पत्र देणं तुम्हाला शक्य आहे का?' असं विचारा, म्हणजे ज्याला जमणार नाही त्याला सभ्यपणे नाही म्हणता येतं. हो म्हणाले की एकाच ईमेलमध्ये सगळं पाठवा: जाहिरात, निकष, तुमचा खर्डा, सीव्ही, मुदत, आणि पत्रात यावेत असे तीन प्रसंग. प्रसंग सुचवणं म्हणजे आगाऊपणा, असं वाटू देऊ नका. सर किंवा मॅडम शंभर विद्यार्थ्यांची पत्रं लिहितात, त्यांना ते हवंच असतं.

एक गोष्ट इथे नोंदवते. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी २००३ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदांसाठीच्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती आणि त्यांत कष्टाळूपणाचे शब्द जास्त. 'मेहनती, मनमिळाऊ, विश्वासू' एवढ्यावर पत्र संपलं, तर समितीला हुशारी दिसत नाही. म्हणून तीन प्रसंगांत एक तरी असा द्या, ज्यात तुम्ही नवा विचार मांडला होता.

पत्र बहुधा पोर्टलवर थेट चढवायचं असतं आणि त्याची लिंक स्वयंचलित ईमेलने जाते. तो ईमेल स्पॅममध्ये हरवतो. दहा दिवस आधी एकदा आणि तीन दिवस आधी एकदा विचारून घ्या.

पायरी ९: मुलाखत

मुलाखतीला बोलावलं म्हणजे कागदावर तुम्ही पुरेसे ठरलात. आता समितीला पाहायचं असतं ते हे की अर्ज लिहिणारा माणूस आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का. स्वतःचा अर्ज आदल्या दिवशी पुन्हा वाचा. दोन महिन्यांपूर्वी लिहिलेला आकडा विसरलेले उमेदवार मी पाहिले आहेत. 'तुमच्या कामाबद्दल सांगा' याचं दोन मिनिटांचं उत्तर मोठ्याने, घड्याळ लावून म्हणून पाहा. 'या योजनेतलं सर्वांत कच्चं काय?' हा प्रश्न हमखास येतो. प्रामाणिक उत्तर तयार ठेवा. माहीत नसेल तिथे तसं सांगा आणि कसं शोधाल ते सांगा.

पायरी १०: निकालानंतर

नकार आला तर तो पूर्णपणे तुमच्यावर घेऊ नका. १९९७ साली क्रिस्तिन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोस्टडॉक्टरल फेलोशिपमध्ये पुरुषाइतकेच गुण मिळवायला स्त्रीला सुमारे अडीच पट प्रकाशनकामगिरी लागत होती. परीक्षकांशी ओळख असणाऱ्यांनाही फायदा मिळत होता. सीमारेषेवरच्या सारख्याच तोलाच्या प्रस्तावांत निवड करायला स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशन चिठ्ठ्या टाकते, ब्रिटिश अकादमीनेही लहान अनुदानांसाठी २०२२ पासून हा मार्ग अवलंबला. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर नशीब चालतं, हे निधी देणारेच मान्य करतात.

पण परीक्षकांचे अभिप्राय मिळत असतील तर मागवा. मारी स्क्लोडोव्स्का-क्युरीत प्रत्येक अर्जाला लेखी मूल्यमापन मिळतं. ८५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळूनही निधी न मिळालेल्यांना गुणवत्तेचं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते दाखवून काही देशांत दुसरा निधी मागता येतो. फार कमी गुण पडले तर मात्र त्याच संस्थेबरोबर लगेच पुढच्या वर्षी येता येत नाही, म्हणून अर्धाकच्चा अर्ज 'टाकून तर बघू' म्हणून पाठवू नका. अभिप्राय आल्या दिवशी वाचा आणि बाजूला ठेवा. दोन आठवड्यांनी पुन्हा वाचा. पहिल्या वाचनात मूर्ख वाटलेला परीक्षक दुसऱ्या वाचनात बऱ्याचदा बरोबर निघतो.

निवड झाली तर आनंदाच्या भरात सही करू नका. पत्रात स्टायपेंड किती महिने आणि कोणत्या चलनात, आरोग्य विमा कोणाचा, प्रवासखर्च आधी मिळतो की नंतर, त्यावर कर कुठे लागतो, कुटुंबासाठी भत्ता आहे का, रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येते का, हे शोधा. जे सापडत नाही ते लेखी विचारा. आणि दुसरीकडूनही होकार आला असेल, तर जिथे जाणार नाही तिथे त्याच आठवड्यात कळवा. प्रतीक्षायादीतला पहिला उमेदवार तिकडे रोज ईमेल उघडून बघत बसलेला असतो.